तेलाचं सोवळं

मी ब्रेकची नळी बोलतेय. हसू नका. मोटरसायकल बोलली असती तर तुम्ही कान देऊन ऐकलं असतं, कारण तिला रंग असतो, आवाज असतो, टाकीवर ठसठशीत नाव असतं. नळीचं कोण ऐकणार? पण आता मला दुसरं काम उरलेलं नाही, आणि जी आतून पोकळ असते तिला बोलायची खोड असतेच.

माझा जन्म धार जिल्ह्यातला, पीथमपूरच्या एका कारखान्यातला. आत रबर, त्यावर दोऱ्यांची घट्ट वीण, वर पुन्हा रबर, अशी माझी घडण. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या दाबून बसवल्या आणि मग तिथल्या एका बाईनं मला यंत्रात अडकवून आत असा काही दाब सोडला की मला वाटलं, आजच बारसं आणि आजच बारावं. पण मी फुटले नाही. त्या बाईनं माझ्यावर पांढऱ्या रंगाची एक खूण केली आणि मला खोक्यात टाकलं. एवढंच माझं शिक्षण.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हँडलवर उजव्या हाताला ब्रेकचा दांडा असतो, त्याच्या बुडाशी तेलाची एक छोटी डबी. दांडा दाबला की डबीतलं तेल पुढे ढकललं जातं. ते आधी टाकीखालच्या एका काळ्या पेटीत जातं, मग माझ्यातून पुढच्या चाकाच्या पकडीपर्यंत. पकड चाकाच्या चकतीला आवळते आणि गाडी थांबते. त्या काळ्या पेटीला एबीएस म्हणतात. घाबरून कुणी दांडा करकचून दाबला आणि चाक जाम होऊन घसरायला लागलं, तर ही पेटी डोळ्याचं पातं लवायच्या आत पकड सोडते, आवळते, सोडते, आवळते. दांडा बोटांखाली धडधडतो, पण गाडी सरळ राहते. मी त्या पेटीपासून चाकापर्यंतची. माझ्या आत तेल सोडून दुसरं काही असता कामा नये. हवा तर नाहीच नाही, कारण हवा दबते आणि तेल दबत नाही. आत हवेचा बुडबुडा असला की माणूस दांडा दाबतो आणि चाकाला त्याचा पत्ताच नसतो.

दुकानात गाडी बघायला येणाऱ्यांची मला मोठी मौज वाटायची. कुणी विचारी अ‍ॅव्हरेज किती देते, कुणी विचारी पिकअप कसा आहे. ती थांबते कशी, हे एकानंही विचारलं नाही. देवासच्या राजवीरनं आम्हाला घेतलं तेव्हा त्यानंही नाही. त्यानं देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी नारळ फोडला, हार घातला, फोटो काढले आणि गाडी घरी आणली.

घरी त्याचे वडील बळवंतराव होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. जन्मभर कालव्यांचे उतार मोजलेले, त्यामुळे चहासुद्धा कपात किती वेगानं पडतोय ते बघून पिणारे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विम्याचं विचारलं. त्यांच्या थोरल्या बहीण, अक्का, पायरीवर उभ्या होत्या. घराणं जुन्या दरबारातलं. दरबार गेला, आता पगार आणि पेन्शन, पण अक्कांचा ताठ कणा काही गेलेला नव्हता. त्यांनी गाडीकडे बघून एकच प्रश्न विचारला.

"थांबते का नीट?"

राजवीर हसला. अक्का म्हणाल्या, आमच्या आजोबांच्या काळी घोडा घेताना आधी लगाम बघत, मग घोडा. त्या दिवसापासून मी अक्कांची झाले. त्यांना ते ठाऊक नव्हतं, पण माझ्या बाजूनं नातं पक्कं झालं होतं.

राजवीर पुढे नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि गाडी त्याच्या बहिणीकडे, अनन्याकडे आली. अनन्या ढोरांची डॉक्टर. तिची नेमणूक धार जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला, डहीला. मुलीनं एवढी मोठी गाडी चालवावी हे बळवंतरावांना पटलं नाही, त्यांनी स्कूटीचे फायदे सांगून पाहिले. अनन्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पाठीमागे लशींची बर्फाची पेटी बांधून निघाली. तिची आई ती शाळेत असतानाच गेली होती, तेव्हापासून तिला अक्कांनीच वाढवलं. त्यामुळे हट्ट कुठून आला याची घरात कुणी चौकशी केली नाही.

तिच्यासोबतचा काळ हा माझ्या आयुष्यातला खरा काळ. डहीच्या आसपासचे पाडे उंचसखल, रस्ता कधी आहे कधी नाही. कुठे म्हैस अडलेली, कुठे शेळ्यांना ताप. बाग गावाकडे उतरणाऱ्या घाटात ती दोन बोटांनी दांडा हळूहळू दाबत यायची, कधी खेचून नाही. तिचा हात मला ओळखू यायचा. मनात काही चाललं असलं तर दाब जरा तुटक असायचा, आणि एखादं जनावर वाचवून आली असली तर घाटभर ती गुणगुणायची आणि मला जवळजवळ कामच नसायचं.

पण रबर ते रबर. उन्हानं, धुळीनं, तापून थंड होण्यानं माझी कातडी कडक झाली. वळणापाशी बारीक भेगा पडल्या. आतून मी सैलावले. दांडा दाबला की जोर चाकाकडे जायच्या ऐवजी थोडा माझ्याच अंगात मुरायचा. म्हातारपण असंच येतं, एकदम नाही, थोडं थोडं, आणि घरच्यांना वाटत राहतं की ठीकच चाललंय.

यंदा नवरात्रात अनन्या रजा घेऊन देवासला आली, तेव्हा घाटात दांडा हँडलपर्यंत यायला लागला होता. अष्टमीच्या सकाळी बळवंतराव गाडी पुसत होते. माझ्या वळणापाशी त्यांच्या बोटाला तेल लागलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, बोट वासालाही नेलं, आणि अनन्याला हाक मारली. पाणी कुठून झिरपतंय हे शोधण्यातच त्यांची नोकरी गेली होती, त्यामुळे ओल कुठलीही असो, त्यांना ती आवडायची नाही.

मिस्त्री नवरात्रात गावी गेलेला. बापलेकींनी ठरवलं, आपणच करू. मोबाइलवर व्हिडिओ लावले. पोलादी तारेच्या विणीच्या नव्या नळ्या आणल्या. माझे पोकळ बोल्ट सोडवले, जुने तांब्याचे वायसर फेकून नवे घातले, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाडीपासून वेगळी झाले. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण नवी चकचकीत नळी माझ्या जागी बसताना बघून एक सुटल्यासारखंही वाटलं. आपल्यावर कुणाचा जीव टांगलेला आहे हे ओझं लहान नसतं.

मग एअर काढायचं काम. एकानं दांडा दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली चाकापाशी निपल, म्हणजे हवा सोडायची बारकी तोटी, सैल करायची, तेलासोबत हवा बाहेर येते, निपल बंद, मग दांडा सोडायचा. दाब, धर, सोड. अनन्या खाली बसून निपल सांभाळत होती, बळवंतराव दांड्यावर. मधेमधे डबीत नवं तेल ओतायचं, कारण डबी रिकामी झाली तर वरूनच हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. काम तिघांचं होतं आणि माणसं दोन होती, म्हणून डबीचं झाकण सारखं उघडंझाकं चाललं होतं.

अक्का गव्हाच्या घटाला पाणी घालून बाहेर आल्या. अनन्यानं तेलाची नवी बाटली फोडली तेव्हा त्यांनी विचारलं, अर्धी बाटली तर फडताळावर पडली आहे, ती का नाही घेत? अनन्यानं सांगितलं की हे तेल एकदा उघडलं की हवेतली ओल पिऊन घेतं. अशी ओल धरलेलं तेल घाटात तापलं की आतलं पाणी उकळतं, त्याची वाफ होते, आणि दांडा दाबला तर नुसता रिकामा खाली जातो. ब्रेक गेला.

"म्हणजे तुझं तेल माझ्याहून कडक सोवळ्यातलं म्हणायचं," अक्का म्हणाल्या, आणि बळवंतरावसुद्धा हसले.

अजून एक काम बाकी होतं. काळ्या पेटीच्या आत चोरखण असतात, तिथली हवा साध्या दाबधरसोडीनं निघत नाही. एकतर मिस्त्रीकडचं यंत्र लावून पेटी चालू करायची, नाहीतर मोकळ्या मैदानात जोरात ब्रेक मारून तिला जागं करायचं आणि मग पुन्हा एकदा एअर काढायची. ते आता दसरा झाल्यावर, असं ठरलं. कारण अक्कांनी पायरीवरून बजावलं होतं, तिन्हीसांजेच्या आत हत्यारं माझ्याकडे द्या.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. या घरात त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. पूर्वी तलवारी, भाले असत. आता एक कट्यार उरली आहे, बाकी पाने, पेचकस, पक्कड, बळवंतरावांची जमीन समतल बघायची दुर्बीण, अनन्याचा स्टेथोस्कोप आणि गुरांना टोचायची एक जुनी मोठी पिचकारी. एकदा हत्यार पाटावर ठेवलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. अक्कांनी सगळं धुऊनपुसून नेलं. त्यात तो बारका पेचकसही गेला. डबीच्या झाकणाचे दोन स्क्रू लावायचे राहिले होते. अनन्यानं झाकण नुसतं वर ठेवलं, त्यावर एक फडकं गुंडाळलं, आणि म्हणाली, उद्या गाडी कुठे जायची नाही, परवा लावते.

मला फेकून देत होते, पण अक्कांनी थांबवलं. इतकी वर्षं पोरीला सांभाळलं हिनं, हिलाही गंध लागू दे, म्हणाल्या. मला कट्यारीच्या शेजारी जागा मिळाली, तिथून उघड्या दारातून अंगण दिसे. कुठे ती कट्यार, कुठे मी. पण पाटावर बसल्यावर सगळी सारखीच दिसतात.

नवमीच्या पहाटे बापलेक टेकडीवर दर्शनाला गेले. अक्का एकट्याच मागे होत्या. दोघं परत येईतो गाडी न्हाऊन तयार असावी म्हणून त्यांनी तांब्याचा लोटा भरला. हँडलवर गुंडाळलेलं तेलकट फडकं बघून त्यांनी नाक मुरडलं. देवापुढे उभ्या करायच्या वाहनाला असलं चिंधुक कोण ठेवतं? त्यांनी ते काढलं आणि मंत्र म्हणत हँडलपासून खाली धार सोडली.

झाकण घसरलं. पाणी थेट डबीत. डबी भरून तेल आणि पाणी टाकीवर ओघळलं. अक्कांनी झटकन झाकण परत ठेवलं, टाकी पुसली, आजूबाजूला पाहिलं. आजूबाजूला मी होते. मी ओरडू शकत असते तर टेकडीवरची गर्दी खाली बघायला लागली असती.

नंतर अक्कांनी लोटा पुन्हा भरला आणि बाकीची गाडी धुतली. मला त्यांचं मन कळत होतं, कारण त्या अर्धवट मोठ्यानं बोलत होत्या. पाणीच तर आहे, शुद्ध पाणी. पाण्यानं कधी काही बाटतं का? जन्मभर ज्या बाईनं प्रत्येक विटाळ पाण्यानं धुतला, तिला पाणीच बाधतं हे कसं पटावं? आणि दुसरंही एक कारण होतं. या घरात पूजेत चूक इतरांची होते आणि अक्का ती दाखवतात. हा इतक्या वर्षांचा रिवाज होता.

दोघं आले. पूजा झाली. झेंडूची माळ हँडलवर पडली, कुंकवाचं बोट डबीच्या झाकणावरही टेकलं. दुपारी पुरणपोळी झाली. अनन्यानं येताजाता सवयीनं दांडा दाबून पाहिला. कडक लागला. पाणी लबाड असतं. ते हवेसारखं दबत नाही, तेलासारखंच वागतं, अंगणात कुणाला कळूच देत नाही. आपला खरा स्वभाव ते घाटात दाखवतं.

जेवणं आटोपत होती तेवढ्यात डहीहून फोन आला. अनन्याच्या दवाखान्यातला अंबरीश बोलत होता. तिनं हात खरकटा म्हणून स्पीकर लावला.

"मैडम, गलघोंटू है शायद. दो भैंसें गईं, तीसरी का गला सूज गया है. पूरा फलिया डरा हुआ है."

फलिया म्हणजे पाडा, आणि गलघोंटू म्हणजे घटसर्प. एका गोठ्यातून दुसऱ्यात जायला त्याला वेळ लागत नाही. अनन्या उठलीच. आज धारला वासंतीकडे मुक्काम, वासंती म्हणजे तिच्याच खात्यातली मैत्रीण, आणि पहाटे घाट उतरून डही. बळवंतराव म्हणाले, बसनं जा. बस डहीपर्यंत जाते, आबा, तिथून पाड्यांवर कशानं जाऊ, असं ती म्हणाली. पेटीची एअर राहिलीय, याची त्यांनी आठवण दिली. ती म्हणाली की हळू जाईन, जोरात ब्रेक मारायची वेळच येऊ देणार नाही.

"बघा ना, लिव्हर एकदम टाइट आहे. टेन्शन नका घेऊ."

बळवंतरावांनी दाबून पाहिलं. खरोखर कडक होता. त्यांनी बसचा विषय सोडला. झाकणाचे स्क्रू तेवढे धारला पोचल्यावर लावीन, असं तिनं सांगितलं आणि त्यावर चिकटपट्टी मारली. पाटावरच्या पेचकसाकडे तिनं बघितलंही नाही. अक्कांच्या घरात वाढलेली मुलगी ती.

मी पाटावर पडून अक्कांकडे बघत होते. दुसरं मी काय करणार? त्या दह्याची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवायचं, त्यानं येते म्हणायचं, जाते नाही. अनन्या वाकली, पाया पडली, तळहात पुढे केला. अक्कांचा चमचा वाटीतून वर आलाच नाही.

"अनू, थांब," त्या म्हणाल्या. "सकाळी तुझ्या त्या डबीत माझ्या लोट्यातलं पाणी गेलंय."

टेकडीवरचा भोंगा तेवढा वाजत होता.

"झाकण घसरलं. मी परत ठेवलं आणि गप्प बसले. मला वाटलं, पाणीच तर आहे. मग तुझं कालचं बोलणं आठवलं, उकळण्याचं. दुपारभर तेच आठवतंय."

बळवंतरावांचा चेहरा बदलला. थोरल्या बहिणीशी ते कधी आवाज चढवून बोलत नसत, तेव्हाही चढवला नाही. फक्त विचारलं, "अक्का, मग तुम्ही सकाळीच का नाही सांगितलंत?"

"सवय नाही," अक्का म्हणाल्या. "चूक सांगायची सवय मला कधी लावूनच घेतली नाही मी."

अनन्यानं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, बरं झालं बोललात, मी तशीच घाटात गेले असते. तिनं ते साधेपणानं म्हटलं, पण अक्कांना ते लागायचं तिथे लागलं. त्या वळल्या, पाटापाशी आल्या.

तेल सगळं बदलायला हवं होतं, आणि त्यासाठी लागणारं एकूणएक हत्यार गंधफूल लागून देवापुढे बसलेलं होतं. अनन्या म्हणाली, मी हात लावणार नाही, बाहेरून कुणाचे पाने आणते. अक्कांनी ऐकलं नाही. त्या खाली बसल्या, पाटाला नमस्कार केला आणि स्वतःच्या हातानं पाना उचलला.

"आमचे आजोबा सांगायचे, शत्रू वेशीवर आला तर देवापुढची तलवार उचलायची. देव रागावत नाही," त्या म्हणाल्या. "घे. पिचकारीही घे."

बळवंतराव तेल आणायला गेले. दुकानं पूजा करून बंद झालेली. ओळखीचा हर्षित दुकानाच्या वरच राहतो. आज शटर उघडणार नाही, असं तो खिडकीतून म्हणाला. अक्कांनी पाटावरचा पाना उचललाय, एवढंच बळवंतराव म्हणाले. हर्षित खाली आला आणि त्यानं दोन सीलबंद बाटल्या हातात दिल्या. अक्कांना सगळी गल्ली ओळखते.

मग अंगणात कामाला सुरुवात झाली. अनन्यानं गुरांच्या पिचकारीनं डबीतलं सगळं ओढून घेतलं, डबी कोरडी पुसली, नवं तेल भरलं. यावेळी माणसं तीन होती. अनन्या खाली निपलपाशी, बळवंतराव बाटली घेऊन डबीवर लक्ष ठेवून, आणि दांड्यावर अक्का. त्यांना स्टूल दिलं. बोटांत जोर कमी म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला.

"दाबा," अनन्या खालून म्हणाली.

"दाबलं."

"धरून ठेवा. सोडायचं नाही मी सांगेपर्यंत."

"धरलंय."

जुनं तेल पारदर्शक नळीतून बाटलीत उतरत होतं, आणि डबीत वरून नवं पडत होतं. किती वेळा झालं कुणी मोजलं नाही. अक्कांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. बळवंतराव म्हणाले, आता मी बसतो. अक्का म्हणाल्या, तू तेल बघ, झाकणाकडे लक्ष दे. हे त्यांनी इतक्या गंभीरपणे म्हटलं की अनन्याला खाली तोंड लपवून हसावं लागलं.

एवढं झाल्यावर पेटीचं काम. अनन्या गाडी घेऊन मागच्या मैदानावर गेली. तिथे दुसऱ्या दिवशीच्या दहनाचा रावण उभा करायचं चाललं होतं, डोकी अजून जमिनीवरच होती. परत आल्यावर तिनं सांगितलं, वाळूत जोरात ब्रेक मारले तेव्हा रावण बांधणारे घाबरून बाजूला झाले. त्यातला एक म्हणाला, "दीदी, इसको तो कल मरना है, तुम आज काहे को मार री हो?" पण पेटी जागी झाली होती. दांडा धडधडला होता.

पुन्हा एकदा दाब, धर, सोड. आणि यावेळी पारदर्शक नळीतून बुडबुडे निघाले. बारीक बारीक, एकामागून एक. मघाशी कडक लागणाऱ्या दांड्याच्या पोटात हे सगळं दडून बसलेलं होतं. अक्का वाकून बघत राहिल्या.

"एवढं आत होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं," अनन्या म्हणाली. "बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही."

बुडबुडे थांबले. पेचकसानं झाकणाचे दोन्ही स्क्रू लागले. अक्कांनी बोटानं झाकण हलवून पाहिलं, दोनदा. मग हात धुऊन पुन्हा दह्याची वाटी आणली. अनन्या येते म्हणाली आणि गेली. टेकडीवरचे दिवे लागत होते. अक्का गाडीचा आवाज संपेपर्यंत फाटकात उभ्या होत्या. पाटावर पाना, पेचकस आणि पिचकारी यांच्या जागा रिकाम्या होत्या, नुसती हळदकुंकवाची रांगोळी उरली होती. रात्री धारहून फोन आला, पोचले. अक्का तेव्हा झोपल्या, तोवर नाही.

दसऱ्याच्या दिवशी त्यांनी उत्तरपूजा केली. नैवेद्य झाला तरी फोन नाही. बळवंतराव उगीचच दुर्बीण पुसत बसले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मोबाइल वाजला. अनन्या डहीच्या पलीकडच्या पाड्यावर होती. लस टोचणं चालू होतं. तिसरी म्हैस तग धरून होती. मग घाटातलं तिनं सहज सांगितल्यासारखं सांगितलं. पहाटेचं धुकं, आणि एका वळणाआड सोयाबीन भरलेली ट्रॉली चाक निखळून आडवी पडलेली. दोन बोटांनी भागण्यासारखं नव्हतं, पंजाभर जोरानं दांडा ओढला. तो धडधडला, गाडी सरळ राहिली, ट्रॉलीच्या हातभर अलीकडे.

बळवंतराव खुर्चीत बसले. अक्कांनी फोन आपल्याकडे घेतला. पलीकडून अनन्या म्हणाली,

"अक्का, थांबली नीट."

अक्कांनी फोन खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावून रडल्या. बळवंतरावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. धाकट्या भावानं थोरल्या बहिणीच्या पाठीवर हात ठेवण्याची या घरात ही पहिलीच वेळ असावी.

त्या संध्याकाळी सोनं द्यायला गल्लीतले लोक आले. आपट्याचं पान हातावर ठेवून प्रत्येकाला अक्कांनी बसवलं आणि आपण होऊन सांगितलं, काल मी पोरीच्या ब्रेकमध्ये पाणी ओतलं. हैदराबादहून राजवीरचा फोन आला तेव्हा त्यालाही सांगितलं, वर तुझ्या तिथल्या गाडीचं तेल शेवटचं कधी बदललंस, असंही विचारलं.

आता मी कुठे आहे ते सांगते. बळवंतराव मला भंगारात टाकायला निघाले होते. अक्कांनी मला न्हाणीघराच्या दारामागच्या खुंटीवर टांगलं, जिथे त्यांचा तांब्याचा लोटा असतो. रोज सकाळी लोटा काढताना त्यांचा हात आधी मला लागतो. क्षणभर त्या थांबतात, मग पाणी भरतात. मी भेगाळलेली, सुकलेली, कोरडी. माझ्यात आता ना तेल आहे ना दाब. तरी त्या बाईला रोज क्षणभर थांबवते, म्हणजे माझं काम अगदीच सुटलेलं नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. तुमच्याही गाडीत टाकीखाली, चाकाजवळ माझी कुणी बहीण असेल. कधी वाकून तिच्या वळणावर बोट फिरवा. आणि तुमच्या हातून कुठल्या डबीत पाणी गेलं असेल, तर बोलून टाका. दांडा कडक लागतोय म्हणून गप्प बसू नका. गाडी अंगणात उभी आहे तोवर सांगा.